बारा सारखे डबे

टोकियोच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "सुजाताताई, उद्योजिका म्हणून तुमचा प्रवास लिहा." माझा प्रवास म्हणजे उरायासु ते कोतो, सायकलवर, मागे प्लायवूडचे तुकडे बांधून. पाऊस असला तर ट्रेनने, आणि मग डब्यातली सगळी माणसं माझ्या प्लायवूडकडे असं बघतात, जणू मी शवपेटी घेऊन चढले आहे. यात प्रेरणादायी काय आहे ते संपादकबाईंना माहीत. मी आपलं जे घडलं ते लिहिते.

मी स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी मापाचे डबे करते. अकरा वर्षं झाली. माझ्या सख्ख्या बहिणीला अजून वाटतं की मी प्लॅस्टिकचे डबे विकते, म्हणून जरा फोड करून सांगते. इथल्या भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायचा नाही. घर जसं घेतलं तसंच परत द्यायचं असतं, आणि सोडायच्या दिवशी एजंटचा माणूस टॉर्च घेऊन भिंती तपासतो. ओटा दोन पोळपाट शेजारीशेजारी ठेवता येतील एवढा. खाली सिंकचं कपाट, त्याच्या पोटातून पाइप गेलेला. वर एक टांगलेलं कपाट, त्याच्या वरच्या फळीला फक्त नवऱ्याचा हात पोचतो, आणि नवरा टोकियोच्या ऑफिसातून यायचा असतो. एवढ्याशा जागेत आमच्या लोकांना पाच डाळी, दोन तांदूळ, आटा, सुटकेसमधून आलेली भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुरडया, आणि "तिकडे मिळत नाही ना गं" म्हणून सासूबाईंनी दिलेलं किलोभर जिरं बसवायचं असतं. जिरं कोपऱ्यावरच्या इंडियन दुकानात मिळतं, पण हे सासूबाईंना सांगायची कुणाची टाप आहे?

मी मूळची पिंपरीची, मेकॅनिकलची डिप्लोमावाली. आठ वर्षं एका कारखान्यात फिक्स्चरची ड्रॉइंग्ज काढली. फिक्स्चर म्हणजे मशीनवर काम चालू असताना नग जागचा हलू नये म्हणून त्याला पकडून ठेवणारा साचा. मग नवऱ्याला इकडचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि मी डिपेंडंट झाले. रोज तेच ते कपाट उघडून अंगावर डाळीची पाकिटं पाडून घेण्यापेक्षा एक दिवस मी टेप घेतली, होम सेंटरमधून पातळ प्लाय आणला आणि फळीच्या मापाचे सहा डबे केले. शेजारणीने पाहिले. तिने मैत्रिणीला सांगितलं. झाला धंदा.

कामाची रीत साधी आहे. कपाट तीन ठिकाणी मोजायचं, पुढे, मध्ये, मागे, आणि सगळ्यांत लहान माप खरं मानायचं. त्यातून तीन मिलिमीटर वजा, कारण इथल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं. दाराची बिजागरी आत किती घुसते ते बघायचं; हौशी लोक हमखास इथे फसतात. फळीला पुढून बोटभर पट्टी लावायची, म्हणजे भूकंपात तूरडाळ डोक्यात पडत नाही. झाकणाला रबराची पट्टी, दमट हवेसाठी. डबा उंच आणि अरुंद, पुढे ओढायला पट्टा. आणि शेवटी लेबल. लेबलाचं छोटं मशीन आहे माझ्याकडे, मराठी-इंग्रजी-जपानी तिन्ही छापतं. हे मशीन आल्यापासून मला स्वतःविषयी जरा जास्तच आदर वाटू लागला होता.

गिऱ्हाइकांचं काय सांगू. एका बँकवाल्यांनी मला घरी बोलावून आधी एक्सेल शीट दाखवलं. त्यात प्रत्येक धान्याचा महिन्याचा खप, घनता आणि "रिऑर्डर लेव्हल" होती. त्यांच्या बायकोला विचारलं, वहिनी, तुम्हाला काय हवंय? ती म्हणाली, यांना ऑफिसात काम द्यायला सांगा कुणीतरी. दुसऱ्या एक बाई नुकत्याच कमीत कमी वस्तूंत राहायला शिकल्या होत्या. घरात टेबल नाही, खुर्ची नाही, भिंतीवर काही नाही, आम्ही जमिनीवर बसून चहा प्यायलो. मग त्यांनी बेडरूमचं दार उघडलं. आत छतापर्यंत खोके. "हे सगळं बसेल असे डबे हवेत," म्हणाल्या, "म्हणजे दिसायला नको." मी केले. पोटापाण्याचा प्रश्न असतो.

माझी एक अट होती आणि ती मी फार तोऱ्यात सांगायची. नवे डबे लागले की जुने त्याच आठवड्यात घराबाहेर. नाहीतर लोक दोन्ही ठेवतात, आणि मग माझ्या कामाचे फोटो चांगले येत नाहीत. इथे कचऱ्याचे वार ठरलेले, त्यामुळे मी वेळापत्रक बघूनच डबे बसवायला जायची. न जळणाऱ्या कचऱ्याच्या आदल्या दिवशी. किती हुशार बाई, नाही का?

कोतोला निखिल आणि केतकी राहतात. दोघं आयटीतली, निखिल मॅनेजर. ऑफिसातले लोक त्याला निखिल-सान म्हणतात आणि घरीही तो साधारण तसाच वागतो. मुलगी ईरा, तेव्हा साडेपाच वर्षांची, आणि निखिलची आई. आम्ही त्यांना काकू म्हणतो. काकू नाशिकच्या, अठ्ठ्याहत्तरच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. इथे आईवडलांना कायम आणून ठेवता येत नाही, पण मुलगा त्या वरच्या दर्जाच्या व्हिसावर असेल तर नातवंड सात वर्षांचं होईपर्यंत त्याला सांभाळायला आजी येऊ शकते. म्हणजे काकूंचं इथलं राहणं ईराच्या वयावर आणि स्वतःच्या उपयोगावर अवलंबून होतं. ईराला शाळेतून आणायचं, खाऊ द्यायचा, संध्याकाळचा कुकर लावायचा. नाशिकच्या घरात त्यांचं कुणी उरलं नव्हतं.

केतकीने मला बोलावलं ते कपाटाची लाज वाटते म्हणून. खरंच लाज वाटण्यासारखं होतं. साखर इन्स्टंट कॉफीच्या बरणीत, मीठ पोचा पडलेल्या स्टीलच्या डब्यात, चहापत्ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, रवा एका चौकोनी बरणीत जिचं झाकण दुसऱ्याच कशाचं तरी होतं. मी नाक मुरडलं आणि मापं घेतली. काकू बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझं चाललंय गं यात." मी त्यांना समजावलं की काकू, तुम्हालाच सोपं जाईल. म्हाताऱ्या माणसांशी बोलायचा माझा एक खास गोड आवाज आहे. आता तो आठवला की अंगावर काटा येतो.

डबे झाले ते बारा. पांढरे, एकाच मापाचे, एकाच झाकणाचे, मिलिमीटरचा फरक नाही. तिन्ही भाषांत लेबलं. कपाटाचं दार उघडलं की डोळे निवायचे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत देखणं काम, असं मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा. जुने डबे कचऱ्याच्या पिशवीत भरायला मी काकूंनाच लावलं. त्यांनी एकेक डबा हातात धरला, थोडा वेळ धरला, आणि पिशवीत टाकला. मला वाटलं, भावना. मी पिशवीला गाठ मारून दिली.

पंधरा दिवसांनी केतकीचा फोन. आवाज दबका. सुजाताताई, दोन डब्यांना कुलूप लावून मिळेल का? मी विचारलं, काय झालं? तर काकूंनी ईराला दुधात साखरेऐवजी मीठ घालून दिलं. एकदा नाही, तीनदा. ईरा घोट थुंकून म्हणाली, "शोप्पाई", म्हणजे खारट. मग शिऱ्यात बेसन पडलं. मग भांड्याच्या सोड्याची पोळी होता होता राहिली. निखिलने इंटरनेटवर वाचलं होतं. आईंना विसरायला होतंय, केतकी म्हणाली, आणि फोनवरच रडली. ती वाईट मुलगी नाही, हे आधीच लिहून ठेवते.

कुलपाचं माप घ्यायला मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. घरी काकू एकट्याच. मी ओट्याशी वाकून टेप लावत होते, तर काकू म्हणाल्या चहा टाकते. त्यांनी कपाट उघडलं. पहिल्या डब्याचं झाकण काढलं, बोट घातलं, जिभेवर ठेवलं. बंद केला. दुसरा. बोट, जीभ. तिसरा. लेबलं त्यांच्या नाकासमोर होती. मी टेप हातात घेऊन तशीच उभी राहिले. पाचव्या डब्यात साखर मिळाली.

"काकू," मी म्हटलं, "तुम्हाला हे वाचता येत नाही का?"

त्यांनी चहा गाळला, एक थेंब बाहेर न सांडता, कपाच्या कडेला बोट ठेवून. मग खुर्चीवर बसून सांगितलं. दोन वर्षं झाली. जिथे बघावं तिथे मधोमध काळा डाग, कडेकडेने दिसतं. माणूस चालताना ओळखू येतो, चेहरा दिसत नाही. अक्षर तर नाहीच. इतके दिवस स्वयंपाकघर हाताने चाललं होतं. पोचा लागला की मीठ. गुळगुळीत काच म्हणजे साखर. झाकण बसत नाही तो रवा. गणिताच्या बाई, बाराच्या बारा खुणा पाठ.

"मला विसरायला होत नाही गं," त्या म्हणाल्या. "विसरले असते तर बरं झालं असतं."

माझी काय अवस्था झाली ते सांगते. आठ वर्षं कारखान्यात मी हेच शिकले होते की नगाला खाच असावी, पिन असावी, म्हणजे कारागिराने डोळे मिटून बसवला तरी उलटा बसणार नाही. ड्रॉइंगवर सही करायची ती ही खाच तपासूनच. आणि इथे मी एका बाईच्या हातातल्या बारा खाचा कचऱ्यात घालून आले होते, वर लेबल छापलं होतं. मी कपाळाला हात लावून बसले. लाज वाटली, अगदी खरी.

मी म्हटलं, निखिलला आत्ताच्या आत्ता सांगू. तर काकूंनी माझं मनगट धरलं. निखिलला कळलं की अशा डोळ्यांनी आई दोन वर्षं ईराला रस्त्यापार आणत होती, तर तो काय म्हणेल? वेडी झाली म्हणाला तर निदान कीव करेल. हे कळलं तर तोंड बघणार नाही. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. मी दिला. तेवढ्यापुरतं ते फार उदात्त वाटलं. ठरलं असं की मी कुलपांऐवजी नवी झाकणं करायची, प्रत्येकाला वेगळी खूण, आणि काकूंचा कारभार पहिल्यासारखा सुरू झाला की विसरण्याची भानगड आपोआप मिटेल.

खुणा काकूंनीच सांगितल्या. मिठाला कडेला एक खाच. साखरेला गोल लाकडी मूठ. चहाला नाडीचा फास. रव्याच्या झाकणाला खरखरीत कागद, बेसनाला फेल्ट, तिखटाला दोन खिळ्यांची डोकी, "म्हणजे हात आपोआप मागे येईल." मी लिहून घेतलं. चार दिवस मी दुसरं काम केलं नाही. झाली ती झाकणं अशी की इंटरनेटवर फोटो टाकला असता तर माझा धंदा बसला असता.

आता खरं कारण न सांगता ही झाकणं घेऊन घरात शिरायचं कसं? तर इथली एक पद्धत कामाला आली. इथे कंपनीकडून चूक झाली की मोठा माणूस उत्तम दुकानाची मिठाईची पेटी घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात येतो आणि कमरेत वाकतो. समोरच्याला ती माफी घ्यावीच लागते, आणि निखिल-सानला तर ही भाषा मराठीपेक्षा जास्त कळते. रविवारी सकाळी मी बीन्सच्या गोड वड्यांची पेटी आणि झाकणांची पिशवी घेऊन गेले, दारातच नव्वद अंशात वाकले आणि म्हटलं, माझा माल सदोष निघाला, बदलून द्यायला आलेय.

निखिलने पेटी दोन्ही हातांनी घेतली. आत बोलावलं. आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, ताई, आता त्याची गरज पडणार नाही. फ्रिजवर चुंबकाने एक माहितीपत्रक लावलेलं होतं, नाशिकजवळच्या संस्थेचं, विस्मरणाच्या पेशंटसाठी. हिरवळ, बाकडी, हसणाऱ्या आज्या. पुढच्या महिन्यात तो काकूंना तिथे सोडून येणार होता. इथे दिवसभर एकटीवर ईराला सोडणं योग्य नाही, त्याने सांगितलं, आणि डोळे पुसले. काकू कोपऱ्यात बसून ईराच्या फ्रॉकचं बटण लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्या गप्प राहून जाणार होत्या, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. हिरवळीवरच्या त्या बाकड्यावर, धडधाकट डोक्याने, वेड्यांमध्ये.

मी दिलेला शब्द पुढच्या मिनिटाला मोडला. आधी निखिलला म्हटलं, डोळे मिट आणि तुझ्या या कपाटातून मला साखर काढून दे. त्याला वाटलं हा माफीचाच काही भाग असावा, म्हणून त्याने मिटले. त्याने डबा काढला, हलवला, मोठ्या विश्वासाने माझ्या हातात दिला. मीठ. पुन्हा. रवा. पुन्हा. परत मीठच. केतकीच्या लक्षात आलं ते तेव्हा. तिने तोंडावर हात ठेवला.

मग मी जुनी झाकणं काढून नवी लावली, डब्यांच्या जागा उलटसुलट केल्या आणि म्हटलं, काकू, या. त्या यायला तयार नव्हत्या. ईराने हाताला धरून आणलं. काकूंनी कपाटावरून हात फिरवला आणि एकेक डबा ओट्यावर ठेवत गेल्या. साखर, चहा, मीठ, रवा, बेसन. बारापैकी बारा. त्यांचा चेहरा पूर्ण वेळ खिडकीकडे होता.

निखिल ओट्याला टेकून खाली जमिनीवरच बसला. त्याने विचारलं, "आई, ईराला शाळेतून कोण आणत होतं?"

"तीच मला आणत होती," काकू म्हणाल्या.

ईराला वाटलं तिची तक्रार होतेय. ती घाईघाईने जपानीत सांगू लागली की ती रोज सिग्नल बघूनच आजीला सांगायची, आओ झालं आजी, आता चल. हिरव्या सिग्नलला इथे आओ म्हणतात. एकदासुद्धा लाल असताना निघालो नाही बाबा, एकदासुद्धा. निखिलने तिला जवळ ओढलं, आणि आईच्या पायावर डोकं ठेवून रडला. मी पिशवी गोळा केली आणि निघाले.

आता सगळं गोड झालं असं लिहायला मला आवडलं असतं. माहितीपत्रक फ्रिजवरून गेलं, ते खरं. काकूंना डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं येणार नाही, इंजेक्शनांनी उरलेलं टिकेल, दोन वर्षं आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं. पण ईराला शाळेतून आणायचं काम काकूंकडून त्याच दिवशी काढून घेतलं गेलं. केतकीने वेळ बदलून घेतली. रस्त्यापलीकडचं ते दहा मिनिटांचं चालणं, हात धरून, हे काकूंचं सगळ्या दिवसातलं एकच बाहेर जाणं होतं, आणि ते माझ्या तोंडामुळे गेलं. मी बरोबर वागले याची मला खात्री आहे. काकूंना नव्हती. मंडळाच्या हळदीकुंकवाला त्या माझ्यासमोरून गेल्या तर मला वाटलं, दिसले नसेन. मी आवाज दिला. त्या थांबल्या, आणि तशाच पुढे गेल्या.

चार महिने असे गेले. मी कामाची रीत बदलली. आता मापं घेण्याआधी मी घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटून मीठ काढायला सांगते. लोकांना वाटतं ही काहीतरी जपानी पद्धत आहे, आणि फार आवडते. जुने डबे बाहेर काढायची अट सोडून दिली. फोटो आता बरे येत नाहीत.

मग एका सकाळी फोन वाजला. निखिलचा नंबर, आवाज काकूंचा. मी नमस्कार म्हणायच्या आत त्या म्हणाल्या की शब्द मोडणाऱ्या बाईशी त्यांना बोलायचं नाहीये, कामाचं आहे. मिठाच्या झाकणावरची खाच धुऊन धुऊन गुळगुळीत झालीय, आज अंगठा दोनदा फिरवावा लागला, तेव्हा येऊन बघून जा.

मी कानस घेऊन तासाभरात पोचले. काकूंनी चहा विचारला नाही. झाकण माझ्यापुढे सरकवलं आणि शेजारी बसल्या. मी दहा हात मारले, झाकण त्यांच्या हातात दिलं. अंगठा फिरवून त्या म्हणाल्या, "अजून." मी अजून घासलं. "अजून." तिसऱ्यांदा त्यांनी माझी बोटं धरून कानस कुठे टेकवायची ते दाखवलं, आणि मी घासत होते तोवर हात काढला नाही.

मग अंगठा फिरवला. "हं," म्हणाल्या. "आता चहा टाक. साखर कुठेय ते माहितीये ना तुला?"